उदाच्या धुरातली मोटार

गिअर स्वतः बदलायची हौस म्हणून मी नळदुर्गला निजामी अमलातली एक जुनी, स्वस्त मोटार पाहायला गेलो. आत उदाचा दाट धूर होता. आम्ही तुळजापूरचे पुजारी. मला वाटलं, मालक भाविक दिसतोय. गिअर लोण्यासारखा पडला आणि मी लगेच होकार दिला.

दुसऱ्या दिवशी ऊद विरला. सीटखालून मुताचा असा भपकारा आला की मी सगळी दारं उघडली. लेंड्याही निघाल्या. तो गृहस्थ मोटारीतून बाजाराला बोकडं नेत होता!

बायकोला भूमला माहेरी मोटारीनं नेण्याचा शब्द दिला होता. तीनदा धुऊन तिला बसवलं. वेशीपाशीच ती नाकाला पदर लावून म्हणाली, "थांबवा! माहेरी मला बोकड म्हणून उतरवायचंय व्हय?"

ती एसटीनं गेली. मागून मी एकटाच, ओकारी आवरत, गिअर बदलत गेलो.