थोंगसायचा गावाकडचा प्रवास आणि हौद्यातला गंज

थोंगसाय एकोणीस वर्षांची असताना मेकाँगकाठच्या गावातून दूर समुद्रकाठी महाछायच्या बंदरावर कोळंबी सोलायला आली, ती दोन वर्षांसाठी म्हणून. तिथं छालोंग भेटला, लग्न झालं, मासळी वाहायला पिकअप घेतली आणि दोनाची एकोणचाळीस वर्षं कधी झाली ते तिलाही कळलं नाही. आईकडं जाणं व्हायचं ते चार-पाच वर्षांतून एकदा, तेही आल्या पावली परत. दुपारी चारला बोटी लागायच्या, आणि मासळी कुणासाठी थांबत नाही.

छालोंग जाऊन चौदा महिने झाले होते. मूलबाळ नव्हतं. यंदा सोंगक्रानला कायमचं गावी परतायचं, असं तिनं ठरवून टाकलं. नव्या वर्षाच्या त्या सणाला आईच्या हातांवर मोगऱ्याचं पाणी घालून पाया पडायचं, हे अकरा वर्षं हुकलं होतं. आई सत्त्याऐंशीची. धाकटी बहीण लामदुआन फोनवर म्हणायची, "ताई, ती रोज विचारते, थोंगसायची गाडी आली का. काय सांगू तिला?"

"सांग, डिझेल भरतेय."

सणाला दहा दिवस उरले असताना शेजाऱ्यांनी तिचं सागवानी कपाट गाडीत चढवलं. मागच्या हौद्यात कर्रकन आवाज झाला आणि खालून तांबडं पाणी ठिबकायला लागलं. कपाट उतरवून तिनं गाडी प्रायातच्या गॅरेजात नेली. प्रायात पत्र्याच्या कामात वाकबगार, पण तोंडाचा फटकळ.

तो गाडीखाली सरकला आणि हातोडीनं ठोकत गेला. आधी टणटण वाजत होतं, मग नुसतं भद्द.

"मावशी, हौद्यातलं हे काळं प्लास्टिक शेवटचं कधी काढलं होतं?"

"काढायचं कशाला? गाडी नवी असताना ह्यांनीच बसवलंय. तेरा वर्षांत पत्र्यावर एक ओरखडा नाही."

"ओरखडा नाही खरा. पत्रा तरी आहे का, बघू."

प्लास्टिक उचललं तसा कुजका वास आला. खाली खवल्यांचा आणि वाळूचा ओला थर साचला होता. पाणी जायची भोकं पार बुजलेली. पत्र्याचे पापुद्रे हाताला येत होते, आणि खालच्या दोन आडव्या पट्ट्या बोटानं दाबल्या तरी चुरा होत होत्या.

"असं कसं होईल?" थोंगसाय म्हणाली. "हे तर रोज गाडी धुवायचे. आधी गाडी, मग जेवण."

"रोज धुवायचे म्हणूनच तर..." प्रायातनं जीभ चावली आणि तो उगाच ब्रश शोधायला लागला.

पण तिच्या ध्यानात आलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाइप हातात धरून छालोंग शीळ घालत उभा राहायचा. मासळीचं वरचं मीठ धुतलं जायचं आणि प्लास्टिकखाली जाऊन बसायचं. तिला राग आला नाही. हे तोंडावर सांगायला तो हवा होता, एवढंच वाटलं. चांगला तासभर भांडली असती.

"दोन रस्ते आहेत," प्रायात म्हणाला. "वरून पत्रा ठोकतो, प्लास्टिक परत घालतो, परवा निघा. कुणाला दिसणार नाही. नाहीतर सगळं कुजलेलं कापायचं, नव्या पट्ट्या टाकायच्या. सण हुकेल तुमचा."

"वरून ठोकलं तर टिकेल?"

"गावापर्यंत टिकेल. पुढचं तुमच्या कपाटाला विचारा."

बसची तिकिटं तर महिन्याभरापूर्वीच संपली होती. ती उलट्या क्रेटवर बसली. गावी भाजी वाहून पोट भरायचं होतं, तेही ह्याच गाडीवर.

"काप," ती म्हणाली. "मीही हात लावते."

दुसऱ्या दिवसापासून ती तारेचा ब्रश घेऊन बसायला लागली. राखाडी पत्रा दिसेपर्यंत घासायचं, भोकं उकरून मोकळी करायची. प्रायात कापायचा, वेल्डिंग करायचा आणि तिनं घासलेलं बघून म्हणायचा, "मावशी, गावी कशाला जाता? इथंच राहा, मला बसून खाता येईल."

सणाच्या दिवशी गॅरेज बंद होतं. किल्ली मागून घेऊन ती एकटीच तांबड्या प्रायमरचा दुसरा हात देत होती. रस्त्यावर लोक एकमेकांवर पाणी उडवत होते. शिंतोडे येऊ नयेत म्हणून तिनं दारात ताडपत्री टांगली होती. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं आई होती.

"आलीस का गं?"

"वाटेत आहे, आई."

"दमानं ये."

फोन ठेवून ती पुन्हा रंगाला लागली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

सणानंतर पाचव्या दिवशी, दुपार कलताना, ती गावात पोचली. आई झाडाखालच्या बांबूच्या बाजेवर बसली होती. शेजारी झाकलेला वाडगा होता. लामदुआननं झाकण काढलं. पाण्यातला मोगरा काळा पडला होता.

"हिनं कुणाला ओतून टाकू दिलं नाही," लामदुआन म्हणाली. "शिळं झालं म्हटलं तर म्हणे, थोंगसायचं आहे."

थोंगसायनं गुडघ्यांवर बसून ते पाणी आईच्या हातांवर घातलं. हात पूर्वीपेक्षा फार हलके झाले होते.

"उशीर केलास," आई म्हणाली. "जेवलीस का?"

आता ती नदीकाठच्या मळ्यांतून भाजी बाजारात नेते. हौद्यात रबराची चटई आहे. दर रविवारी ती उचलून खालचं कोरडं आहे ना ते बघते. आईला सोबत झाली आहे. गावात तिला काही कमी नाही. पण दुपारी चारच्या सुमाराला तिचं चित्त लागत नाही. अंगणात येते, मान वर करून वारा हुंगते. नदीच्या वाऱ्याला मिठाचा वास नसतो.

"काय झालं, ताई?" लामदुआन विचारते.

"काही नाही. बोटी यायची वेळ झाली."