पंचफुलाबाईचा कोरा बिल्ला

राजापेठेतल्या त्या दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत मूल रडू लागलं, की पंचफुलाबाईला हाक जायची. भातकुलीच्या बौद्ध वस्तीतून आलेली ही आया पोराला छातीशी धरायची, म्हणायची, "हालू नोको राजा, फोटो निंगते," आणि पोर खरंच गप्प व्हायचं. शिशाचा एप्रन एकच. तो डॉक्टरांच्या अंगावर. बाई नऊ वर्षं नुसत्या लुगड्यावर उभी राहिली.

चौसष्ट साली मुंबईहून किरणं मोजायचा बिल्ला आला. तो छातीवर लावायचा आणि महिनाअखेर तपासायला परत पाठवायचा. "हरवला तर नोकरी गेली म्हणून समज," मोठ्या बाबूने बजावलं. बाईने तो धुतल्या फडक्यात गुंडाळून घरी ट्रंकेत ठेवला. दर महिन्याला जसाच्या तसा आणून दिला. मुंबईचं पत्र यायचं : किरणं आढळली नाहीत. मोठा बाबू खूश, बाईही खूश.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, अंगावर निळे डाग उठले. नागपूरहून अहवाल आला : रक्ताचा कर्करोग. त्याच दवाखान्यातल्या खाटेवरून तिने पाहिलं, नवी आया मैना रडतं मूल घेऊन त्या खोलीत निघाली होती. अंगावर सुती पातळ, बाकी काही नाही.

तिने डॉक्टरांना बोलावून घेतलं.

"सायेब, मायं दुखणं त्या मशीनीचं हाय का?"

"सांगता येत नाही, बाई. असूही शकतं. पण तुमचा बिल्ला तर कायम साफ आला."

"साफच येईन. तो ट्रंकेत झोपून राहे, मशीनीपुढं मी."

डॉक्टर खाटेच्या कडेला बसले. "हे आता कशाला काढता? तुमच्यावरच येईल."

"येऊ द्या. चूक मायी हाय, तेही लिवा. नाई तं उद्या तुमी मैनाले सांगान, पंचफुलाचा बिल्ला पाहा कसा कोरा होता."

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं. छप्पनच्या दीक्षेनंतर बाई वस्तीतल्या वर्गात अक्षरं शिकली होती. तिने कागद ओढून घेतला, बोट ठेवत वाचू लागली. 'रुग्णाच्या सांगण्यावरून, कामाच्या वेळी बिल्ला लावलेला नव्हता.'

"माया सांगण्यावरून काहून? तुमी एप्रन घालून बाजूलेच उभे होते ना? बिल्ला दिसे का मायावर?"

डॉक्टरांनी कागद परत घेतला.

"नव्हता दिसत."

"मंग तसं लिवा. तुमच्या नावानं."

त्यांनी ओळ खोडली, पेन पुन्हा टेकवलं. दारात मैना दुसरं मूल कडेवर घेऊन उभी राहिली. "सायेब, एक्स-रे?"

"बस तू तथीच," पंचफुलाबाई म्हणाली. "सायेबाचं लिवनं व्हायचं हाय."