रिकाम्या जागेची चौकशी

माझ्या भावाच्या मुलाइतका चौकशीखोर माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये. पडली तर दोघांचीही कामं जन्मभर होणार नाहीत. हा माझा भाचा चितेगावला एका कारखान्यात आलेला माल तपासायच्या कामावर आहे. दिवसभर तिथं माल उलटापालटा करून बघतो आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून संध्याकाळी घरी येऊन उरलेलं जग तपासतो. त्याचा मुख्य प्रश्न एकच असतो. जागा रिकामी दिसली किंवा वस्तू विकायला निघाली की आधीच्यानं ती सोडली कामून?

गारखेड्यात भाड्यानं घर बघायला गेला तेव्हा यानं नळ बघितला नाही की मोरी बघितली नाही. आधीचा भाडेकरू कुठं राहायला गेला ते शोधून काढलं आणि त्याच्या दारात जाऊन बसला. घर चांगलं आहे पण सासुरवाडी फार जवळ पडत होती, असं त्या माणसानं आत बायको नाही हे बघून सांगितलं, तेव्हा कुठं यानं घर घेतलं. एकदा जुनी स्कूटर घ्यायला गेला. चालती गाडी विकता कामून, असं मालकाला विचारलं. तो म्हणाला, वडलांची आहे, ते गेले, आता दारात उभी बघवत नाही. झालं. हा त्याच्यापाशी बसला, त्याची समजूत काढली, गाडी पुसून दिली आणि सिटी बसनं घरी आला. "पस्तावला असता, आत्या," मला म्हणाला. गुलमंडीत बायकोनं एक हिरवी साडी हातात धरली होती. दुकानदार बोलून गेला की आत्ताच एक बाई हीच बघून ठेवून गेल्या. हा त्या बाईच्या मागं गर्दीत धावला आणि तुम्हाला नक्की नको ना, असं विचारलं. ती बाई परत आली आणि साडी घेऊन गेली. माझ्या भाचेसुनेनं ती साडी अजून माफ केलेली नाही.

तिचं तरी काय सांगावं. आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा मी होते. पोह्यांच्या बशा आमच्या हातात होत्या आणि यानं मुलीला तोंडावर विचारलं, "तुमचं आधीचं स्थळ मोडलं कामून?" माझ्या भावानं डोळे मिटून घेतले. मुलगी म्हणाली, "तेबी असंच इचारत बसले होते." मी तिथंच ठरवलं की सून हीच करायची.

त्यांना एकच मुलगी. ती बापासारखी बोलत नाही, आईसारखी चिडत नाही, नुसती गणितं करते. बारावीनंतर तिला हैदराबादच्या एका विद्यापीठात जायचं होतं. तिथं गणितासाठी देशभरातून पोरं येतात आणि मोजकीच घेतात. थोडक्यात हुकलं. पुण्यातल्या चांगल्या विद्यापीठात जागा मिळाली, तीही सहज मिळत नाही, पण तिच्या डोक्यातून हैदराबाद गेलं नाही. वर्षभर पुण्यात शिकून तिनं असं शोधून काढलं की दुसऱ्या वर्षालाही तिथं घेतात, मात्र आधीचं कोणी सोडून गेलं तर आणि तेवढ्याच जागा. त्यासाठी पुण्याकडून "आमची हरकत नाही" असं लिहून आणायचं, आणि वर तिथल्याच सरांकडून पोरगी गुणाची आहे असंही लिहून घ्यायचं. मला हे चमत्कारिक वाटलं. ज्याला सोडायचं त्यानंच आपलं कौतुक लिहून द्यायचं. सरांनी तिला विचारलं, इथं काय कमी आहे? ती म्हणाली, काही नाही सर. सरांनी तरी लिहून दिलं. माणूस मोठ्या मनाचा.

पुण्याच्या वसतिगृहात दुसऱ्या वर्षाची खाट हवी की नको ते आधीच सांगावं लागतं. हिनं नको म्हणून सांगितलं. तिची आई म्हणाली, "आधी तिकडचं होऊ दे की गं." पोरगी म्हणाली, "मम्मी, मागं खाट ठेवली तर माझ्याकडून अभ्यास होणार नाय." खाट दुसऱ्या मुलीला गेली.

परीक्षा आणि मुलाखत हैदराबादलाच होती. बाप बरोबर गेला. पोरगी आत गेल्यावर याला काम काय? आवारातल्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला आणि येईल त्या पोराला विचारू लागला की दुसऱ्या वर्षात गणिताची जागा रिकामी झाली कशी. पोरगी बाहेर आली तोवर याच्या खिशात एक फोन नंबर होता.

मग यादी लागली. आमच्या मुलीचं नाव पहिलं. तिच्या आईनं पेढे आणायला पिशवी उचलली, तेवढ्यात पोरीनं खालची ओळ वाचली. जागा एकच, आणि तीही पुरती रिकामी नाही. ती ज्या मुलाची आहे तो रजा घेऊन गेला आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत तो हजर झाला तर जागा त्याची, नाही झाला तर आमच्या मुलीची. भाचेसुनेनं पिशवी खुंटीला अडकवली.

सोमवारी भाचा माझ्याकडं आला आणि दार लोटून म्हणाला, "आत्या, एक फोन करायचा हाय. घरी करता येत नाय."

"चोरून फोन करायचं वय गेलं तुझं," मी म्हणाले.

त्यानं टपरीवर मिळालेला नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. रजेवर गेलेला तो मुलगा निजामाबादचा. मागं पिठाची गिरणी धडधडत होती. आमचा हा आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "बेटा, जिसकी बेटी तुम्हारी जगा के वास्ते बैठी है ना, वो मैं."

"हौ अंकल, बोलो."

"तुम छोड़के गए कायकू?"

पोरगा चिडला नाही. वडील गिरणीतच पडले, अर्धं अंग गेलं. आठ दिवसांसाठी म्हणून घरी आला आणि गिरणीवर उभा राहिला तो राहिलाच. मला वाटलं, उत्तर मिळालं, आता हा फोन ठेवील. पण मी स्कूटर विसरले होते.

मंगळवारी परत फोन. गिरणीवर माणूस ठेव. बुधवारी, तुझे चुलते काय करतात? चुलते रिकामेच होते. याला जोर चढला. गणित सोडून पीठ दळतो का, म्हणून त्या पोराला रागावला, जसा काही तोच त्याचा बाप. गुरुवारी पोरगा म्हणाला, "अंकल, चाचा हौ बोले तो आ जाता मैं. शनिवार की सुबे की गाडी है."

मी तांदूळ निवडत होते. ताट खाली ठेवलं. फोन बंद झाल्यावर म्हणाले, "तुझ्या पोरीची पुण्याची खाट गेली. हा पोरगा शनिवारी गाडीत बसला तर ती कुठं जाईल? तुझ्या मांडीवर बसून गणितं करील?"

"जागा त्याची हाय, आत्या."

"मग त्याचं तो बघंल. तू कामून ओढून आणतो?"

"त्याला यायचं हाय. आवाजावरून कळतं."

"आणि तुझ्या पोरीच्या आवाजावरून काय कळतं?"

तो चहाही न पिता गेला.

शुक्रवारी तो माझ्याकडं फोनवर असतानाच पोरगी आली. आईनं मला आमटी पाठवली होती. दारात उभं राहून तिनं बापाचं शेवटचं वाक्य ऐकलं, "कल सुबे निकल जाना बेटा, सोचते मत बैठो." तिनं वाटी कट्ट्यावर ठेवली.

"पप्पा, हा तोच हाय का?"

"व्हय."

"माझी जागा तुम्ही त्याला देऊ लागले?"

"तुझी अजून झाली नाय, बाई. विचारल्याबिगर कशी घ्यायची?"

मला वाटलं, ही आता फोन भिंतीवर मारते. तिनं तो बापाच्या हातातून काढून घेतला. "भैय्या, पप्पा का छोड़ दो. तुमको आना है क्या?"

पलीकडून तो म्हणाला, "आना तो है. चाचा अब्बी तक हौ नै बोले."

"ठीक है," पोरगी म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन गेली. त्या रात्री बापलेक एका ताटाशी बसले नाहीत, हे मला भाचेसुनेनं सांगितलं. तिनं नवऱ्याला आणखी काय काय सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी मी दुपारपासून त्यांच्या घरी होते. पोरगी फोन पालथा टाकून बसली होती. भाचेसुनेनं कुकरमध्ये पाणी घालायचं विसरून कुकर लावला आणि डाळ जळाल्याचा वास आला तरी कोणी उठलं नाही, शेवटी मीच गॅस बंद केला. भाचा पायरीवर रस्त्याकडं तोंड करून बसला होता. त्याला कोणी काही विचारत नव्हतं आणि तोही जन्मात पहिल्यांदा कोणाला काही विचारत नव्हता. ऊन उतरलं. शेजारचे दिवे लागले. मग फोन वाजला, पोरीनं आलेला संदेश वाचला आणि म्हणाली, "मिळाली."

भाचेसून रडायलाच लागली. पोरगी हसली आणि हसता हसता बापाकडं बघून थांबली. जागा मिळाली याचा अर्थ तो आला नाही, हे तिला आणि बापाला एकाच वेळी कळलं असावं.

"चांगलं झालं," तो म्हणाला. तिच्या डोक्यावर हात ठेवला, चपला घातल्या आणि माझ्या घराकडं चालू लागला. मी मागून जाऊन कुलूप काढलं. त्यानं फोन लावला. पलीकडं नुसताच वाजत राहिला.

पुढं पोरीला हैदराबादला सोडून आला, पण एक दिवस उशिरा. बायकोला गाडी चुकली म्हणून सांगितलं. मला खरं सांगितलं की परतताना निजामाबादला उतरलो.

"काय विचारलंस त्याला?"

"काय नाय. पोत्यावर बसलो. गिऱ्हाईक लई होतं. बाप दाराशी खाटेवर असतो, त्यानं खुणेनंच चहा सांगितला." मग पिशवीतून ज्वारीच्या पिठाची पुडी काढून माझ्यापुढं ठेवली. त्या पोरानं बांधून दिली होती. कारखान्यातला माल बघावा तसं त्यानं चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, परत चोळलं.

"लई बारीक दळतो, आत्या," तो म्हणाला. "हात बसला त्याचा."

मी परात काढली आणि दोघांपुरतं पीठ मळायला घेतलं.