मथुराबाईंचं बारा अंशांचं कपाट

मथुराबाई फुलांचे दागिने करतात. डोहाळजेवणाला लागणारा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, वेणी, असा पूर्ण साज. बिबवेवाडीत त्यांच्या आळीतल्या बहुतेक सुनांनी सातव्या महिन्यात मथुराबाईंच्या हातचा मुकुट डोक्यावर घेतलेला आहे. फुलं त्या मार्केट यार्डातून स्वतः निवडून आणतात. परतीच्या रिक्षात फुलांची पिशवी पायाशी ठेवत नाहीत, मांडीवर घेतात.

अडचण एकच होती. ओवलेला साज सकाळपर्यंत ठेवायचा कुठे? बाहेर ठेवला तर निशिगंध पिवळा पडतो. फ्रिजमध्ये ठेवला तर शेवंती काळवंडते आणि गुलाबांना कोथिंबिरीचा वास लागतो. हा प्रश्न सुटला तो एका फरशीवाल्यामुळे.

मुलगा रणजित लहान इमारती बांधतो. त्याला फरशी पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने गेल्या दिवाळीत भेट म्हणून वाइन कूलर पाठवला. कंबरेइतकं उंच, काचेच्या दाराचं, बाटल्या गार ठेवायचं कपाट. घरात कुणी दारूला शिवत नाही. मथुराबाईंचे यजमान दत्तोबा यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांनी खोक्यावरचं चित्र पाहिलं, ‘दारूचं कपाट’ असं नाव ठेवलं आणि ते जिन्याखाली ढकलायला लावलं. उन्हाळ्यात सून शेफाली सहज बोलून गेली, की यात बारा डिग्री ठेवता येतं. मथुराबाईंनी त्याच दिवशी बाटल्यांच्या फळ्या काढल्या आणि दोन पसरट डबे आत बसवून पाहिले. पुढचा साज सकाळी जसाच्या तसा निघाला. तेव्हापासून कपाट मागच्या खोलीत आहे. दत्तोबांनी मात्र त्याचं नाव बदललं नाही.

यंदा डोहाळजेवण घरातच होतं, शेफालीचं. दसऱ्यानंतरचा रविवार ठरला. नवरात्रात घट बसलेले असताना मथुराबाई बाहेरची कामं घेत नाहीत, त्यामुळे कपाट बंद होतं. शनिवारी त्यांनी ते पुन्हा लावलं, गार होऊ दिलं, साज ओवून आत ठेवला, दार लावलं. हात धुऊन येईपर्यंत कपाट टीं-टीं करू लागलं.

“दार उघडंय म्हणतंय ते,” शेफाली म्हणाली. “डोअर अलार्म आहे, आई.”

“लावलंय की मी. हे बघ, लावलंय.”

रणजित आला. त्याने वरचं बटण दाबलं, आवाज थांबला. “झालं,” म्हणून तो वळला. जिन्यापर्यंत पोचला नसेल, तेवढ्यात टीं-टीं. त्याने परत येऊन परत बटण दाबलं.

“तू साइटवर पण असंच करतोस का?” शेफालीने विचारलं. “ओल दिसली की रंग मारायचा?”

कंपनीच्या नंबरवर फोन लावला. सणाच्या सुट्ट्यांमुळे माणूस सोमवारनंतर येईल असं उत्तर मिळालं.

“थेट बारशालाच या म्हणावं,” मथुराबाई म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीतून दत्तोबांचा आवाज आला. “काय बोंबलतंय त्ये? दारूचं कपाट, बोंबलायचंच. उद्या टेंपोत घाला आन् साइटवर धाडून द्या.”

मथुराबाई दारावरचा आकडा बघत होत्या. बाराचा पंधरा झाला होता, पंधराचा सोळा. आळीभरच्या सुनांना ताजे मुकुट घातले आणि घरच्या सुनेच्या डोक्यावर पिवळा निशिगंध, हे त्याच बायकांसमोर व्हायचं होतं. पुन्हा ओवायला फुलंही उरली नव्हती.

शेफाली खुर्चीवर बसली. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून ती फोनवर वाचणार आणि बाकीचे करणार असं ठरलं.

“आतलं काही पुढे आलंय का, बघा.”

मुकुटाचा डबा आणखी आत सरकवला. टीं-टीं.

“मशीन वाकडं उभं आहे का?”

रणजितने गाडीतून पाणसळ आणली आणि कपाटावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर थांबला. “माझ्या भिंतीपेक्षा सरळ आहे,” तो म्हणाला. हे त्याने घरात म्हटलं ते बरं झालं.

“आता कागद. दारात पेपरची पट्टी धरायची, दार लावायचं आणि ओढायची. घट्ट बसली तर रबर ठीक.”

वर पट्टी फाटली. बाजूला फाटली. खाली, बिजागरीच्या कोपऱ्यात, ती लोण्यातून निघावी तशी निघून आली.

मथुराबाई चष्मा लावून खाली बसल्या. रबराच्या घडीत त्यांनी बोट फिरवलं आणि एका ठिकाणी थांबवलं. फुलं ओवायच्या सुईच्या मागच्या टोकाने काहीतरी उकरून काढलं. तळहातावर आला तांदळाचा दाणा. लाल. मागोमाग कुंकवाने चिकटून दगड झालेले आणखी पाचसहा, आणि झेंडूची एक सुकी पाकळी.

रणजितने शेफालीकडे पाहिलं, शेफालीने बाहेरच्या खोलीकडे.

या घरात खंडेनवमीला शस्त्रांची आणि यंत्रांची पूजा दत्तोबा करतात, आणि एकटेच करतात. विळा, कोयता, पहार, रणजितचं ड्रिल, मिक्सर, गाडी. त्यांची पद्धत ठरलेली आहे. यंत्र उघडून पुजायचं. अक्षता आत पडल्या पाहिजेत. गाडीचं बॉनेट वर, शिलाई मशीनचं झाकण वर. गेल्या वर्षी शेफालीचा लॅपटॉप त्यांनी असाच पुजला आणि दिवाळीपर्यंत ऑफिसच्या मीटिंगमध्ये तिच्या कीबोर्डातून तांदूळ निघत होते.

“अहो,” मथुराबाईंनी हाक मारली, “जरा इकडं या.”

दत्तोबा आले. मथुराबाईंनी तळहात पुढे केला. त्यांनी तो बघितला, मग पंखा बघितला.

“तांदूळ हायत.”

“कुंकवाचे हायत.”

“उंदरानं नेलं आसतील.”

“फूल बी उंदरानंच वाहिलं?”

टीं-टीं चालूच होतं. दत्तोबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“यंत्र हाय,” ते म्हणाले. “समदी पुजली आन् एकच तसंच ठेवायचं?”

“दारूच्या कपाटाला अक्षता?” रणजितने विचारलं.

“दारू कुठं हाय त्यात? उघडून बघितलं मी. रिकामं व्हतं.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “निशिगंधाचा वास आला.”

शेफालीने फोनमध्ये तोंड घातलं, कारण तिला हसू आवरत नव्हतं. मथुराबाई कोमट पाणी आणायला गेल्या.

रबर पुसून, कोरडं करून दार लावलं. या वेळी ते स्वतःहून ओढल्यासारखं बसलं. दत्तोबांनी पेपरची पट्टी मागून घेतली, त्याच कोपऱ्यात धरली आणि ओढली. फाटली. त्यांनी तुकडा सगळ्यांना दाखवला, जणू दुरुस्ती त्यांनीच केली होती. आवाज थांबला होता. सोळाचा पंधरा व्हायला वेळ लागला, पण मथुराबाई समोर पाट टाकून बसल्या होत्या, त्यांना घाई नव्हती.

“पुढच्या साली दार लावून पुजा,” त्या म्हणाल्या.

“बघू.”

रविवारी शेफाली झोपाळ्यावर बसली तेव्हा निशिगंध पांढराशुभ्र होता. आळीतल्या बायकांनी मुकुट जवळून पाहिला, एकदोघींनी हात लावून पाहिला. नाशिकहून आलेले शेफालीचे मामा चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत डोकावले आणि काचेच्या दाराकडे बोट दाखवून मिश्किलपणे म्हणाले, “अरे वा, वाइनची सोय दिसतेय!”

दत्तोबा दारातच उभे होते. त्यांनी माळ सदऱ्याच्या वर काढली.

“फुलांचं कपाट हाय त्ये,” ते म्हणाले. “चहा घ्या.”