ज्या बोलीत पाचारण आलं

वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी देवावर रुसले होते. लिहिताना आजही लाज वाटते, पण खरं ते सांगायला हवं. ब्रह्मपुरीच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत उपासनेनंतर कोणी ना कोणी साक्ष द्यायला उभं राही. कोणाला प्रभूने शिकवण्यासाठी पाचारण केलेलं, कोणाला रुग्णसेवेसाठी. मी मागे सतरंजीवर बसून ऐकायची आणि आतल्या आत झुरायची. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेत मी दोनदा नापास झाले होते. लग्नाची बोलणी येऊन परत गेली होती. मुलांचा रविवारचा वर्ग घेणं, वेदीवरची फुलं बदलणं, काकूचं घर सांभाळणं, यातच वर्षं चालली होती. प्रार्थनेत माझं एकच मागणं असे : प्रभू, कधीतरी मलाही हाक मार. पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "वाट पाहा, बाई." वाट पाहूनच तर मी थकले होते.

माझी एक गोष्ट मी कोणाला सांगत नसे. बाबा जंगल खात्यात गार्ड होते. मी दोन वर्षांची असताना आई वारली, तेव्हा त्यांची नेमणूक भामरागडकडे होती. शेजारच्या एका माडिया आदिवासी बाईने मला तिच्या लेकरांत वाढवलं. तिची बोली तीच माझी पहिली बोली. सातव्या वर्षी काकूकडे आले, तेव्हा शाळेतल्या मुली माझ्या बोलण्यावर हसल्या. काकू म्हणाली, "हे जंगली बोलनं सोडून दे पोरी. लोकं हासतेत." मी सोडलं. इतकं, की पुढे त्यातला शब्दही आठवेनासा झाला.

माझ्या एकतिसाव्या वर्षी ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. धान कापणीच्या दिवसांत मला हिवताप झाला आणि मिशनच्या दवाखान्यात भरती केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ताप जरा उतरला होता. शेजारच्या खाटेवर एक बाई तळमळत होती. भामरागडच्या बाजारात ती पोट धरून पडली होती; कोणा भल्या जीपवाल्याने इतक्या लांब आणून सोडलं आणि तो निघून गेला. बरोबर कोणी नव्हतं. रजिस्टरमध्ये नावाच्या जागी नुसतं 'माडिया बाई' लिहिलेलं. आतड्याला पीळ पडला होता, लगेच ऑपरेशन करणं भाग होतं. पण ती अंगठा द्यायला तयार होईना. सलाईनची नळी उपटून काढी, सिस्टरचा हात झिडकारी आणि एकसारखी काहीतरी पुटपुटे.

"'अरे, अरे' काऊन करून राह्यली हे?" सिस्टर रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"अरे नाई म्हणत ते," मी म्हणाले. "एर म्हणते. पाणी मागून राह्यली."

माझ्याच तोंडचे शब्द ऐकून मी दचकले. चोवीस वर्षं झाली होती. मी तिच्याकडे वळले आणि तिच्या बोलीत, अडखळत, म्हटलं की पाणी आत्ता देता येणार नाही. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

"पोट फाडणार?" तिने विचारलं.

"हो. आतडं पिळलं आहे, ते सरळ करतील."

"मी मेले तर?"

 ती पुढे म्हणाली, "मरायला मी भीत नाही. पण इथे कोणाला माझं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. मी मेले तर घरी सांगणार कोण? माझी माणसं बाजाराच्या वाटेकडे बघत बसतील."

तिचा नकार एवढ्यासाठी होता. मी तिचं नाव विचारलं. जुरी. गाव कुमरपाडी, नदीपलीकडे. नवऱ्याचं नाव, तिन्ही लेकरांची नावं तिने सांगितली. मी एकेक मोठ्याने म्हणत गेले आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी खाटेशी उभं राहून सगळं लिहून घेतलं. मग मी म्हणाले, "काही झालं तर मी स्वतः जाऊन सांगेन." तिने डोळे मिटले आणि अंगठा पुढे केला.

जुरी वाचली. बाराव्या दिवशी टाके निघाल्यावर ती मला पाहून खूप हसली, म्हणाली, "मोठी बाई होऊन लेकरासारखी बोलतेस!" खरंच होतं, माझी बोली सातव्या वर्षीच थांबली होती. दुखणं, रक्त, बाळंतपण, मरण, हे मोठ्या माणसांचे शब्द मला तिने शिकवले. डॉक्टरबाईंनी विचारलं, "या लोकांचं बोलणं आम्हाला समजावून सांगायला उद्यापासून येशील का?" मी घरी येऊन रडले. ज्या गोष्टीची मी आयुष्यभर लाज धरली, तीच प्रभूने मागितली होती. मी मात्र परीक्षा पास करायच्या मागे लागले होते.

मला वाढवणाऱ्या त्या बाईचे आभार मानायला मी पुढे भामरागडला जाऊन आले. ती भेटली नाही. कोणी म्हणे दुसऱ्या गावी गेली, कोणी म्हणे वारली. ती ओढ अजून मनात आहे. ती जाईलसं वाटत नाही.

माझ्या बोलण्याने सगळे वाचतात असंही नाही. दुसऱ्या वर्षी एक माडिया म्हातारा त्याच्या बायकोला घेऊन आला. डॉक्टरबाईंनी शर्थ केली, पण ती दुपारीच गेली. त्याला सांगायचं काम माझं होतं. ओसरीवर त्याच्याशेजारी बसून मी सांगितलं, तिला शेवटी वेदना नव्हत्या, तिने त्याचं नाव घेतलं होतं. मी मनात देवाला म्हणत होते, यासाठी तर मी काम मागितलं नव्हतं.  म्हातारा म्हणाला, "पुन्हा सांग. हळू सांग. घरी लेकीला मला असंच सांगायचं आहे."

मी पुन्हा सांगितलं. तो एकेक शब्द माझ्यामागून म्हणत होता. त्याचं पाठ होईपर्यंत मी तिथेच बसून राहिले. त्या दिवसापासून मी देवाकडे दुसरं काम मागितलेलं नाही.