पाणी एकीचं, शब्द दुसरीचे

माझ्या मुलाचा बाप्तिस्मा सासूबाईंच्या एका पोस्टकार्डाने अडवला, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले. तो मी अडू दिला, हे सांगायला मात्र म्हातारपण यावं लागलं.

लढाईची वर्षं होती. नवरा एका लाकूड ठेकेदाराकडे मुनशी होता, म्हणून आम्ही वसईकडची माणसं धसईजवळच्या एका गावात, कुणब्याच्या घराची पडवी घेऊन राहत होतो. आसपासच्या गावांत ख्रिस्ती घर म्हणाल तर आमचं एकच. चर्च थेट कल्याणला. आधी बैलगाडीने मुरबाड, मग तिथून कोळशावर चालणारी मोटार, आणि चढ आला की उतारूंनीच तिला ढकलायचं.

या गावात येण्याआधी, सासरी, माझी पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली होती. बाप्तिस्म्याविना. मोठे दीर तिचे धर्मबाप होणार होते, म्हणजे बाप्तिस्म्याला तिला हातात धरणार होते, आणि त्यांना रजा मिळत नव्हती. पहिलं मूल घरच्याच माणसाने देवळात न्यायचं, हा सासूबाईंचा हट्ट. रजा मिळाली तेव्हा मुलगी नव्हती. दफनभूमीच्या भिंतीबाहेर, करवंदीच्या जाळीशी तिला पुरलं, कारण भिंतीच्या आत जागा फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना. मी बाळंतिणीच्या खाटेवर होते. पुढे नवऱ्याने ती जागा लांबूनच बोटाने दाखवली. आमच्या शिकवणीप्रमाणे ती देवाजवळही पोचणार नव्हती. ते मी खरं मानत होते, आणि ते खरं मानून जगणं काय असतं ते बाईलाच ठाऊक.

दोन वर्षांनी मुलगा झाला आणि त्याच आठवड्यात ते कार्ड आलं. धर्मबाप धाकटे दीर, धर्मआई माझी बहीण. पण ती पोटुशी असल्याने ती मोकळी होईपर्यंत थांबावं. आमच्यात पोटुशी बाईला धर्मआई करत नाहीत. हातातलं आणि पोटातलं, दोन मुलांपैकी एकाचं बरंवाईट होतं म्हणतात. बहिणीला नुकताच सहावा लागला होता, म्हणजे आणखी चार महिने! एकदा थांबून काय झालं ते ठाऊक असलेल्या बाईने हे कार्ड लिहिलं होतं. ते मी चुलीत घालायला हवं होतं. नवरा म्हणाला, "दुसरी कोणी बघू. आईला विचारतो." पुन्हा कार्ड गेलं, उत्तर येईना, आणि मी मूग गिळून बसले. बहिणीच्या पोटातल्या जिवाची मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

तयारी मात्र चालू ठेवली. माझ्या लग्नातल्या जाळीच्या कापडाचं झबलं शिवलं, टोपडं शिवलं. मेणबत्ती उंदरांनी कुरतडू नये म्हणून पत्र्याच्या डब्यात ठेवली. पडवीची मालकीण, तिला मी काकी म्हणायचे, रोज येऊन त्या झबल्याकडे बघायची आणि चिडवायची.

"काय गो, बारावा गेला, महिना झाला, पोराला नाव नाय अजून?"

"आमच्यात पाणी घालतात तेव्हाच नाव देतात, काकी."

"मंग घाल ना पाणी. इहीर आटली काय?"

मी हसून वेळ मारून नेत असे. रोज संध्याकाळी मुलाच्या कपाळाला हात लावून बघायचे.

पाचव्या आठवड्यात त्याला ताप भरला. नवरा कुपावर, लाकूडतोडीच्या जागी, दोन दिवसांच्या वाटेवर गेलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाला आकडी आली. डोळे वर गेले, ओठ काळेनिळे झाले. मी ओरडले तशी काकी धावत आली. एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख होती: मूल मरायला टेकलं तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, बाई असो, हिंदू असो. आणि त्याच्याच पुढचं, लहानपणी घोकलेलं वाक्य: दुसरं कोणी हजर असेल तर आईबापांनी स्वतःच्या मुलाला देऊ नये. दुसरं कोणी हजर होतं. मी नियमाने वागायचं ठरवलं!

"काकी, तांब्या घ्या. याच्या डोक्यावर पाणी घाला आणि मी सांगते तसं म्हणा."

"माजा हात चालंल तुमच्या देवाला?"

"चालतो. घाला."

तिला मी शब्द सांगितले. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. तिने तोंड उघडलं आणि मुलाकडे बघून तिला रडूच कोसळलं. हात मात्र चालू होता. पाण्याची धार डोक्यावर पडत होती. थांबायला वेळ कुठे होता? शब्द मीच म्हणाले, मोठ्याने, तीनही नावं घेऊन. काकीने पाणी घातलं, मी बोलले.

आकडी सुटली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मुलगी गेल्यापासून मी पहिल्यांदा सलग झोपले. आता काहीही झालं तरी हा भिंतीच्या आतला होता. काकी तर पार बदलली. सकाळी शेण काढायच्या आधी मुलाला बघून जायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "या पोराला देवाचं पाणी मी घातलंय."

आठ दिवसांनी, नवरा परतल्यावर, नोंद करायला आणि उरलेले विधी उरकायला आम्ही कल्याणला निघालो. बाप्तिस्म्याला आईने जायची आमच्यात रीत नव्हती, पण मी म्हटलं, बाप्तिस्मा तर झालाय, मग मला कशाची आडकाठी? मी अशक्त होते म्हणून काकीही बरोबर आली आणि मुलाला तिने मांडीवर घेतलं. फादर म्हातारे होते, आमच्याच बोलीत बोलायचे. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, पाणी कोणी घातलं? मी सांगितलं. शब्द कोणी म्हटले? तेही सांगितलं. त्यांनी टाक खाली ठेवला.

"पाणी घालणाऱ्यानेच शब्द म्हणायचे असतात, मुली. हा बाप्तिस्मा झालेलाच नाही. तू एकटीने दोन्ही केलं असतंस तरी झाला असता."

माझं धाबं दणाणलं. आठ दिवस मी निर्धास्त झोपले होते आणि मुलगा होता तिथेच होता, त्याच्या बहिणीजवळ. फादर म्हणाले, आत्ता देऊ, धर्मआई-धर्मबापांपैकी एक जण तरी हवा. नवरा चुळबुळला. "आईला एकदा कळवून..."

"कळवा! माझ्या मुलीला कळवा आधी, भिंतीबाहेर जाऊन!" मी देवळात ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी नवऱ्यावर आवाज चढवला होता. वेदीवरची फुलं बदलणारी एक बाई थबकून बघत होती. मी तिच्याकडे गेले. ओळख ना पाळख. म्हटलं, माझ्या मुलाची धर्मआई व्हाल? तिने ओले हात लुगड्याला पुसले आणि मुलाला घ्यायला पुढे आली. काकीने तो तिच्या हातात दिला आणि स्वतः मागे दाराशी जाऊन उभी राहिली.

परतीच्या मोटारीत काकीने मुलाला पुन्हा मांडीवर घेतलं. मुरबाड जवळ आलं तेव्हा म्हणाली, "परत कशाला गो पाणी घातलं त्याला? माजं नाय लागलं काय?"

"लागलं, काकी. तुमचंच लागलं. आज नुसतं वहीत लिहून घेतलं."

"मंग बरं," ती म्हणाली आणि मुलाचं टोपडं नीट करू लागली. मरेपर्यंत ती गावाला सांगत राहिली, की तो तिने घातलेल्या पाण्याने वाचला आणि आमच्या देवाचा झाला.

तेव्हापासून लहानमोठी सगळी पापं मी कबूल केली. मोटारीत काकीशी बोललेलं ते खोटं तेवढं राहिलं. फादरांपुढे गुडघे टेकले की ते ओठांवर येतं. पण कबुलीबरोबर पश्चात्ताप लागतो, आणि तो मला अजून झालेला नाही.