सांबऱ्याच्या धुक्यातली विमानं

फोटोच्या दुकानात माणूस फोटो काढायला येतो आणि किस्सा ठेवून जातो. फोटो न्यायला तरी तो परत येतो, किस्सा न्यायला कोण येतंय! आमच्या खडेबाजारातल्या दुकानात ते असे साचतच गेले. त्यातले माझे लाडके लढाईच्या दिवसांतले, थंडीतले.

दुकान अण्णांचं. अण्णा म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, निपाणीकडच्या तंबाखूवाल्या जैनांच्या घरातले. घरचा धंदा सोडून त्यांनी काळ्या फडक्याखाली डोकं घातलं, म्हणून वडिलांनी वर्षभर अबोला धरला होता. फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायचं काम माझं. तिसरा आमचा भरमा टांगेवाला. सांबऱ्याच्या माळावर विमानं उतरायला लागली, तिथल्या गोऱ्या साहेबानं अण्णांना फोटोसाठी पास दिला, आणि तेव्हापासून अण्णा जेवतानासुद्धा वर बघायला लागले!

*

पहिल्याच दिवशी सकाळी माळावर हे धुकं! घोड्याचे कान दिसेनात. अण्णा कॅमेरा लावून बसले. मधेच धुक्यात काहीतरी भलं मोठं, काळंसावळं उभं दिसलं. अण्णा झटक्यात फडक्याखाली शिरले. "आलं बघ," म्हणाले आणि फोटो घेतला.

संध्याकाळी मी प्लेट धुवायला घेतली. दोघं खांद्यावरून वाकलेले. हळूहळू पाण्यातून आकार वर येऊ लागला. पंख काही येईनात. आली ती कुणाची तरी गवताची गंजी, आणि वर बसलेला एक कावळा.

भरमा म्हणाला, "असूंदे अण्णा, पायलट तरी आलाय की!"

*

भरमाचं घोडं पहिलं विमान बघून टांग्यासकट मुचंडीच्या वाटेला पळालं होतं. पुढं इतकं सरावलं, की आवाज आला की आपणच रस्त्याच्या कडेला जाऊन उभं राहायचं. कॅम्पातला एक व्यापारी टांग्यात बसला होता, तो वैतागला, "का रं थांबलं हे?"

भरमा म्हणाला, "मोठ्या गाडीला साइड द्याय लागलंय, मालक!"

*

मग अण्णांनी दुकानात विमानाचा पडदाच रंगवून घेतला. मागं ढग, पुढं विमान, आणि दोघांना बसायला आत बाकडं. लोकांची झुंबड! खानापूरकडचं एक नवं जोडपं आलं. नवरा टेचात जाऊन बसला. बायको काही हलेना.

"मी न्हाय बसणार. पडलं म्हंजे?"

अण्णांनी समजूत काढली, "अगं पोरी, खरं न्हाय ते. कापडाचं हाय!"

"कापडाचं?" ती दोन पावलं मागंच सरली. "आवं, उठा तुमीबी! मग तर पडंलच की!"

*

एका विमानाचं नाक उतरताना चेपलं. साहेबानं निरोप धाडला, फोटो पाहिजे, वर दाखवायचाय. अण्णांनी फोटो झकास घेतला. पण हाताची सवय जाते का? लग्नाच्या पोरींच्या फोटोंतले देवीचे वण पेन्सिलीनं काढून टाकण्यात त्यांचा हात धरणारा मुलखात नव्हता. रात्रभर बसून त्यांनी चेपलेलं सगळं भरून काढलं. नाक कसं, चाफेकळी!

साहेब एकदा फोटोकडं बघे, एकदा विमानाकडं. शेवटी ओरडलाच, "हे कुठलं विमान?"

अण्णा अभिमानानं म्हणाले, "तुमचंच, साहेब. आता कुठलंबी स्थळ नाही म्हणायचं न्हाय!"

*

आता हा एक. हा मी सहसा सांगत नाही.

मच्छे गावची गौराक्का. नवरा नव्हता, एकुलता एक पोरगा परशा, तो पलटणीत. त्याला विमानातनं लढाईवर न्यायचं ठरलं. बाई मच्छ्याहून चालत सांबऱ्याला आली, पण आत कोण सोडतंय? तारेच्या कुंपणाशी उभी राहिली. तिथंच आम्ही कॅमेरा लावत होतो.

"अण्णा, माझा परशा त्या विमानातनं चाललाय," ती म्हणाली. "विमानासंगट माझा एक फोटू काढा. त्यो माघारी येस्तवर मला बघाय कायतरी पायजे की!"

अण्णांकडं एकच प्लेट उरली होती. लढाईमुळं मुंबईचा माल बंद. ती प्लेट त्यांनी उडत्या विमानासाठी जिवापाड जपली होती. त्यांनी माळाकडं बघितलं, बाईकडं बघितलं.

"उभी ऱ्हा, आक्का. विमान वर आलं की तुझ्या डोक्यावर धरतो."

धुकं विरळ झालं होतं, पण आम्हाला काही दिसेना. नुसतं इंजिन ऐकू येत होतं. आवाज धावायला लागला, मोठा झाला.

"माझ्याकडं बघ आक्का! उजेड कमी हाय, येळ लागंल. अजाबात हलू नगंस!" अण्णांनी भिंगावरचं झाकण काढलं.

आवाज डोक्यावरून गेला. आणि बाईनं त्याच्यामागं मान फिरवली.

प्लेट धुऊन फोटो छापला तेव्हा तार लख्ख आली, लुगड्याचा काठ लख्ख आला. वर सगळं पांढरं. विमानाचा पत्ता नाही. आणि बाईचा चेहरा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नुसता फासल्यासारखा, नाक नाही, डोळे नाहीत. मला रडूच आलं.

"बाई आली तर सांग, प्लेट फुटली," अण्णा म्हणाले.

बाजारच्या दिवशी गौराक्का आली. खोटं बोलायला अण्णा स्वतःच उठले, पण जमलं नाही त्यांना. फोटो पुढं करून म्हणाले, "चुकलं, आक्का. विमान आलं न्हाय. तुझं तोंडबी आलं न्हाय."

तिनं फोटो घेतला, दारातल्या उन्हात नेला. किती वेळ बघत राहिली. मग त्या पुसट चेहऱ्याच्या एका कडेला बोट ठेवलं आणि सावकाश दुसऱ्या कडेला नेलं.

"आलंय की वो अण्णा," ती म्हणाली. "ह्ये बघा. हितनं असा... असा गेला माझा परशा."